भाऊ झोपलेत तोवर

शुक्रवार आला की भिवंडीतली सगळी नारपोली सुटायची आणि मृणाली अडकायची.

शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद. एरवी आठवडाभर ती खटखट भिंतीतून यायची, लादीतून यायची, ताटातल्या वरणावरसुद्धा बारीक थरथर दिसायची. शुक्रवारी लूमचा मेन स्विच पडला की कामगार आंघोळ करून, केसाला तेल चोपडून बाजारात हिंडायला मोकळे. मृणाली मात्र सकाळपासून घड्याळ बघायची. कारण शुक्रवारी दुपारी तिला ब्राह्मण आळीत सुमतीबाईंकडे पियानोला जायचं असायचं, आणि शुक्रवारीच तिच्या हाताचं पाणी व्हायचं. आठवडाभर घरी नीट वाजलेलं बाईंच्या जिन्याच्या वर गेलं की वाजायचंच नाही. का, ते तिला कळत नव्हतं. बाईंना वाटायचं त्यांना कळलंय.

मृणाली सतरा वर्षांची. शाळा तिने दहावीत सोडली. सोडली म्हणजे, इतिहासाचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तुम्हा लोकांना जमिनी विकून खायचं तेवढं बरोबर जमतं. मृणाली उभी राहून म्हणाली, सर, तुम्ही राहता ती खोली आमच्या काकांची हाय, भाडं वेळेवर द्या. मग तिने दप्तर उचललं ते उचललंच. घरी आईने चार दिवस डोकं धरलं. बाबांनी, म्हणजे चांगदेवने, काहीच न बोलता तिला आपल्या कारखान्यात कांडी मशीनवर बसवलं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती लाकडी कांडी, तिच्यावर सूत भरायचं. भरलेल्या कांड्या टोपलीत, रिकाम्या मशीनवर. दिवसभर तेच.

शाळेतलं एकच माणूस तिच्यामागे आलं, सुमतीबाई. त्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि मृणालीची बोटं त्यांनी तेव्हाच हेरली होती. घरी त्यांचा जुना उभा पियानो होता, निवृत्त झाल्यावर त्यावर त्या मोजक्या मुलांना शिकवत. मृणालीला म्हणाल्या, ये तू, पण माझी एकच अट. रोज बसायचं. आठवड्यातून एकदा येऊन बोटं फिरवणारी मुलं मला नकोत.

रोज बसायचं हे बोलायला सोपं. घरात कॅसिओ होता, मोठा भाऊ प्रितेश एकेकाळी हळदीच्या बेंजो पार्टीत वाजवायचा, तो. हेडफोनची पिन जाते ती जागा मोडलेली, बाकी चालू. पण बसायचं कधी? मृणालीने पहाट धरून पाहिली, तर नळाला पाणी पहाटेच येतं आणि हंडे भरायला तीच. जेवणानंतर बसली तर कोण ना कोण पाहुणा टपकायचा, आणि पाहुणा म्हणायचा, एखादं हळदीचं गाणं लाव ना पोरी. रात्री बाबा पाठ टेकायचे आणि त्यांची झोप म्हणजे कोंबडीची. शेवटी तिने स्वतःच शोध लावला. कारखान्यावरचा माळा. सूत गुंडाळायची जुनी भीमं, पोती, तुटके धोटे असं सामान पडलेलं, खाली लूम सुरू. तिथे कोणी बोंबललं तरी कोणाला ऐकू जाणार नाही. ती सकाळीच हात चालवून जास्तीच्या कांड्या भरून ठेवायची, वर नेऊन ठेवलेल्या कॅसिओवरचं प्लॅस्टिक झटकायची, आवाज फुल्ल करायची आणि बसायची. रोज. ताप असला तरी, केस नुकतेच धुतलेले असले तरी, आई जिन्याखालून हाका मारत असली तरी. शुक्रवार सोडून, कारण शुक्रवारी बाबा मशीनला तेलपाणी करायचे आणि झाडायचं काम तिच्याकडे.

आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट रोज केली होती. त्यामुळे त्या शुक्रवारी बाई जे बोलल्या ते तिला जास्तच लागलं.

वाजवायचं होतं पियानोच्या परीक्षेतलं दुसरं गाणं. चारच्या मोजणीचं, संथ, मधे मधे थांबे असलेलं. मृणालीने सुरुवात धाडकन केली. दुसऱ्या ओळीत हात पळायला लागले. जिथे थांबायचं तिथे ती थांबलीच नाही, तिसऱ्या ओळीत डावा हात उजव्याच्या पुढे निघून गेला आणि ती स्वतःच अडखळून बंद पडली.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या चिडल्या की आवाज चढवत नसत, उलट उतरवत. म्हणाल्या, "इथे एक मात्रा रिकामी आहे. ती वाजवायची नाही, पण मोजायची. गेले कित्येक शुक्रवार मी हेच सांगतेय. तू बसतच नाहीयेस, मृणाली."

"बसते मी."

"खोटं बोलू नकोस. बसणाऱ्याचे हात मला कळतात."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. ठाण्यात त्यांची भाची ईरा लहान मुलांचा संगीताचा क्लास चालवायची. तिला हाताखाली एक मुलगी हवी होती, आणि बाईंनी मृणालीचं नाव तिच्या कानावर घालून ठेवलं होतं. पण मुलांचे आईबाप विचारतात, ही काय पास आहे? म्हणून ही परीक्षा. परीक्षेचे फॉर्म ईराच भरायची, त्यात कोणाला पाठवायचं ते बाई पुढच्या शुक्रवारी ईराला कळवणार होत्या. हात असेच राहिले तर मृणालीचं नाव त्या देणार नव्हत्या. आपल्या नावावर त्यांना असलं वाजवणं पाठवायचं नव्हतं.

इकडे घरी बाबांचं बोलणं आधीच झालेलं. मृणालीचा चुलतभाऊ भाविक अंबाडीच्या रस्त्यावरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर, त्याने पॅकिंगला जागा धरून ठेवलेली. परीक्षा देत असलीस तर दे, नाहीतर एक तारखेपासून ड्युटी, असं ठरलेलं. ड्युटी म्हणजे सकाळची गाडी, रात्रीची गाडी, मधे खोके आणि टेप. त्यात पियानो कुठून बसणार, हे मृणालीने बोटांवर मोजून पाहिलं होतं. कुठेच नाही.

हे सगळं एकदम डोक्यात चढलं. ती उठली, म्हणाली, तुम्हाला काय माहीत मी कुठे बसते आणि कशी बसते, आणि पियानोचं झाकण खाली आपटलं.

लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज त्या शांत घरात गोळी सुटल्यासारखा झाला. आतल्या खोलीतून एक विचित्र आवाज आला, अर्धा घाबरल्याचा, अर्धा घशात अडकलेला. भाऊ. बाईंचे यजमान. वर्षभरापूर्वी त्यांना झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. रात्र रात्र त्यांना झोप नसायची, फक्त दुपारी डोळा लागायचा, शुक्रवारी तोही शिकवणी संपता संपता. बाई धावत आत गेल्या. मृणालीला दारातून त्यांची पाठ दिसली, आणि भाऊंचा एक हात, चादर घट्ट धरलेला.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता. तेच वाईट होतं.

"जा तू," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मृणाली सरळ माळ्यावर चढली. बाबा तेल घालत खाली होते, काहीतरी म्हणाले, तिने ऐकलं नाही. तिला स्वतःला सिद्ध करून दाखवायचं होतं की तिला येतं. कॅसिओ लावला, आवाज फुल्ल, आणि वाजवायला घेतलं.

आणि माळ्यावर पहिल्यांदा तिने स्वतःला ऐकलं.

आधी वाटलं कॅसिओत काही सैल झालंय. टक टक टक. मग कळलं, ती तिची बोटं होती. पट्ट्यांवर ती असल्या जोराने मारत होती की सुरापेक्षा प्लॅस्टिकचाच आवाज मोठा येत होता. आणि हात पळत होते. दुसऱ्या ओळीत, जसे बाईंकडे पळाले तसेच. तिने थांबून परत घेतलं. परत पळाले. थांब्याच्या जागी आली की आत काहीतरी रिकामं व्हायचं आणि हात घाबरून पुढची पट्टी गाठायचे.

तिने खाली पाहिलं. माळ्याच्या फटीतून कोपऱ्यातलं लूम दिसत होतं, गप्प, तेल लावलेलं. त्याच लूमच्या तालावर ती इतके दिवस वाजवत होती. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, खटाक, खटाक, न चुकता. मोजायचं काम लूम करत होतं. थांब्याची मात्रा लूमच भरत होतं. तिला एकदाही मोजावं लागलं नव्हतं, एकदाही शांतता सांभाळावी लागली नव्हती. आणि फक्त शुक्रवारी, लूम बंद असताना, ती बाईंसमोर जाऊन बसायची.

तिने कॅसिओ बंद केला. रोज बसले, असं ती छाती ठोकून म्हणत होती. बसली होती खरी, पण चुकीचंच रोज पक्कं करत होती.

शनिवारी लूम सुरू झालं आणि मृणाली शांतता शोधायला निघाली. भिवंडीत शांतता शोधणं म्हणजे काय, ते शोधल्यावर कळतं. गच्चीवर गेली तर शेजारी हळद, स्पीकर तिच्याच दिशेने लावलेले. भाविकला गळ घालून एका रिकाम्या गोडाऊनमध्ये शिरली, कॅसिओत सेल घातले, तर बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होते आणि आत कबुतरं. वर भाविकने दारात उभं राहून विचारलं, इथेच पॅकिंग करायची हाय तुला, जागा पसंत पडली का? रविवारी तिने वज्रेश्वरीच्या आत्याकडे, राहीबाईकडे जायची टूम काढली. तिथे शांतता होती, पण आत्याने कॅसिओ बघून अर्धी वाडी गोळा केली. बोटं फिरली, सराव झाला नाही. परतीच्या बसमध्ये कॅसिओ मांडीवर घेऊन ती नखं खात बसली. शुक्रवार जवळ येत होता आणि हात जिथे होते तिथेच.

सोमवारी दुपारी ती ब्राह्मण आळीतला बाईंचा जिना चढली. दार वाजवायची हिंमत होईना, म्हणून कडीवर नुसतं नख घासलं. बाईंनी दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. त्यासुद्धा आडव्या झाल्या असणार.

"काय आहे?"

मृणालीने सगळं पाठ करून आणलं होतं, ते सगळं विसरली. "झाकण पडलं त्या दिवशी," ती म्हणाली.

"पडलं?"

"आपटलं. मी आपटलं."

मग मृणालीने लूमचं सांगितलं, भरभर, जिन्यातच उभं राहून. माळ्याचं, कोपऱ्यातल्या लूमचं, शुक्रवारचं. सांगताना आवाज फाटत होता म्हणून ती अजूनच कुजबुजत होती. शेवटी म्हणाली, मला रोज इथे बसू द्या. शुक्रवारपर्यंतच.

बाईंनी दाराला टेकून डोळे मिटले. सकाळी भाऊंना व्यायाम द्यायला माणूस येतो, संध्याकाळी बाकीची मुलं असतात, त्या सांगत होत्या. मोकळी असते ती हीच वेळ, आणि ही भाऊंच्या झोपेची. त्यांनी म्हटलं नाही, पण मृणालीने बाहेरच्या खोलीतली चटई आणि उशी पाहिली. बाईंच्याही झोपेची वेळ हीच होती.

"ते झोपलेत तोवरच बसते," मृणाली म्हणाली. "त्यांना ऐकू जाणार न्हाय असं वाजवते."

"वेड लागलंय तुला? पियानो आहे तो."

"एकदा बसू द्या."

बाईंनी दार थोडं अजून उघडलं. "ते जागे झाले की उठायचं," त्या म्हणाल्या. "आणि मग परत यायचं नाही. शुक्रवारीही नाही."

आता रोज घरून निघायची सोय. दुपारच्या कांड्या कोण भरणार? मृणालीने प्रितेशला धरलं. दादूस, आठवडाभर तुझी बाईक धुते. प्रितेश म्हणाला, बाईक आणि बूट. ती म्हणाली, बूट न्हाय. तो म्हणाला, मग मना जमणार न्हाय. बूटही ठरले. आई कुरकुरली की पोरगी दुपारची कुठे जाते, तेव्हा प्रितेशनेच सांगितलं, क्लास वाढवलाय तिचा. बाबा ऐकत होते. फक्त एवढंच म्हणाले की एक तारीख जवळ आली.

ती चपला जिन्यातच काढायची, हातात घेऊन वर यायची. झाकण दोन्ही हातांनी उचलायची, मूल उचलावं तसं. त्याच सोमवारी तिने पहिली पट्टी इतकी हळू दाबली की आवाजच आला नाही. दुसऱ्यांदा दाबली तर जरा जास्तच आला, आणि ती मान वळवून आतल्या दाराकडे बघत बसली. आतून भाऊंचं घोरणं येत होतं. मोठं नाही, पण लांबलचक. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर.

ती त्या घोरण्यावर कान ठेवून वाजवू लागली. घोरणं चालू म्हणजे धोका नाही. जडपणा बोटांतून काढून टाकला, मनगट ढिलं ठेवलं, पट्टीला खाली सोडायचं आणि वर येताना अडवायचं नाही. घाम गळत होता. बाई दारात, चटईवर भिंतीला टेकून, डोळे मिटून. झोपल्या होत्या की ऐकत होत्या, कळायला मार्ग नाही.

मंगळवारी तिचे हात पळाले नाहीत. थांबे जागेवर पडले. तिला एवढा आनंद झाला की ती घरी जाताना रिक्षावाल्याशी भांडलीसुद्धा नाही. आणि बुधवारी, अगदी तिसऱ्या ओळीच्या मधे, तिच्या लक्षात आलं. शिट्टीवर दोन मात्रा, घरघरीवर दोन. ती भाऊंच्या घोरण्यावर वाजवत होती.

तिने हात मांडीवर ठेवले. हसावं की रडावं तेच कळेना. लूम सोडलं आणि म्हातारा धरला. तिला बाहेरून कोणीतरी मोजणारं लागायचंच. मोजणारं कोणी नसलं की तिचं काय व्हायचं, हे तिने शुक्रवारी पाहिलंच होतं.

मग तिने ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज न करता, एक, दोन, तीन, चार. घोरणं वेगळं, मोजणी वेगळी. मुद्दाम त्याच्या उलट. फार कठीण होतं ते. कान तिकडे ओढत होते आणि ती त्यांना परत आणत होती. बुधवार त्यातच गेला. गुरुवारी अर्धं गाणं जमलं आणि अर्ध्यात भाऊ खोकले. तिची बोटं हवेतच थिजली. बाईंनी एक डोळा उघडला. खोकला थांबला, शिट्टी परत सुरू झाली. बाईंनी डोळा मिटला. मृणालीने हात परत पट्ट्यांवर ठेवले आणि मोजणी पहिल्यापासून घेतली.

शुक्रवारी ती झाडलोट अर्धी टाकून निघाली. बाबा ओरडले, तिने ऐकलं नाही असं केलं. जिन्यात चपला काढून हातात घेतल्या. आत बाई आज चटईवर नव्हत्या. पियानोच्या बाजूला खुर्ची घेऊन बसल्या होत्या, चष्मा लावून. फोन मांडीवर. ईराला आज कळवायचं होतं.

"पहिल्यापासून," त्या हळूच म्हणाल्या. "न थांबता."

मृणालीने ओठ हलवले. एक, दोन, तीन, चार. सुरुवात केली.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आतून घरघर येत होती, ती येऊ दे. थांब्याला आली, थांबली, मोजलं, पुढे गेली. तिसऱ्या ओळीत शिरली आणि घोरणं बंद झालं.

हळूहळू नाही. एकदम. शिट्टी आत गेली आणि घरघर बाहेर आलीच नाही.

जागे झाले. म्हणजे उठायचं आणि परत यायचं नाही. आणि त्याच्याही मागून दुसरा विचार आला, जागे झाले नसतील तर? तिने बाईंकडे पाहिलं. बाई आतल्या दाराकडे बघत होत्या, खुर्चीच्या दांड्यावर हात घट्ट. मग त्यांनी वळून मृणालीकडे बोट केलं, चालू ठेव, आणि उठून आत गेल्या.

घरात काही नव्हतं. लूम नाही, घोरणं नाही, समोर बाई नाहीत. फक्त तिचे ओठ. तीन, चार. पाठीवरून घामाचा ओघळ जात होता, कान आतल्या खोलीत होते, आणि हात मात्र, तिला विश्वास बसेना, हात चालले होते. न पळता. शेवटच्या ओळीआधीचा लांब थांबा आला. चारही मात्रा रिकाम्या. तिने त्या सगळ्या मोजल्या, एकही न खाता, आणि मग शेवटची ओळ घेतली.

संपलं तेव्हा तिने झाकण दोन्ही हातांनी खाली ठेवलं. आतून पलंग करकरला. कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. जागे होते. जिवंत होते आणि जागे होते. तिने आधी सुटकेचा श्वास घेतला, मग अट आठवली. ती उठली, ओढणी घेतली, दारापर्यंत गेली.

"कुठे निघालीस?" बाई आतून आल्या.

"जागे झाले ना."

"झाले. लघवी लागलीय त्यांना. तुझ्यामुळे नाही." बाईंनी कोपऱ्यातलं भांडं उचललं, मग तिथेच थांबल्या. खूप दमलेल्या दिसत होत्या. "शेवटच्या ओळीत सुरुवातीची पट्टी अजून जड पडतेय. हात खाली येतो तेव्हा खांदा पण येतो तुझा."

मृणाली दारातच वळली. "मग ईराताईंना..."

"सांगते तिला, एक नाव आहे म्हणून. आत्ता मला सोड, ते खोळंबलेत." त्या आत वळल्या आणि दारातून म्हणाल्या, "सोमवारपासून हीच वेळ. परीक्षा होईतो. जमेल का रोज?"

मृणालीच्या डोळ्यांसमोर बाबांचा चेहरा आला, कांड्यांची टोपली, प्रितेशचे चिखलाचे बूट, आईची कुरकुर, जिन्याखालच्या हाका.

"जमवते," ती म्हणाली.

"मग उभी काय आहेस? शेवटची ओळ परत घे. खांदा सोडून."

ती परत बसली. आत भांड्याचा आवाज, भाऊंचं कण्हणं, बाईंचं हळू, हळू. मृणालीने झाकण उचललं आणि ओठ हलवले.